घड्याळाला दिलेली ओ

मघाशी तुम्ही दारातून दोनदा हाक मारलीत, ती मी ऐकली होती. कान शाबूत आहेत माझे. तिसऱ्यांदा नाव घेतलंत तेव्हा मान वर केली. नावानं तीनदा हाक मारतो तो माणूसच असतो, असं आमच्याकडं मानतात. गोलाईच्या बाजारातले लोक म्हणतात, सिंधुताईला लई घमेंड चढली. म्हणू द्या. ज्याला घड्याळ दुरुस्त करून पाहिजे तो तिसरी हाक मारतोच.

बसा. लाइट काही लवकर येत न्हाई आता. कंदील लावते. तुमचं घड्याळ उजेडात बघू, तोवर तुम्ही विचारलंच आहे तर सांगते. पण एक आहे. मी सांगत असताना मधे हां, हूं करायचं न्हाई. गोष्टीला हुंकार देतात तसा तर अजिबात द्यायचा न्हाई. नुसतं ऐकायचं. चहा येईल, तो प्यायचा.

लातूर जिल्हा नवानवा झाला होता त्या दिवसांतली गोष्ट. पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' रंगवत होते, आणि रंग एवढा पातळ की खालचं जुनं नाव दिसायचंच. रोज एक कचेरी उघडायची, रोज नवा साहेब उतरायचा. साहेब आले की मनगटी घड्याळं येतात, म्हणून आमचं बरं चाललेलं. पाऊस तेवढा नव्हता. विहिरी तळाला गेलेल्या, बोअरमधून नुसती हवा यायची, आणि टँकरचा भोंगा ऐकला की बाया हातातलं टाकून पळायच्या. पळायला मीही असायचे.

माझे वडील रामकिशन. हैदराबादला एका बुजुर्ग मियांच्या हाताखाली घड्याळं शिकले आणि इथं येऊन हे दुकान टाकलं. पोरगा झाला न्हाई, म्हणून चिमटा माझ्या हातात दिला. लोक हसायचे. वडील म्हणायचे, हात पोरीचा का असंना, डोळा पाहिजे. आणि डोळा माझ्याकडं होता. उजव्या डोळ्याला भिंग लावलं की केसापेक्षा बारीक स्प्रिंगची वेटोळी मी मोजून दाखवायची. त्या डोळ्यावर माझं पोट होतं, हे ध्यानात ठेवा.

वडील गेले त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात अमृतराव दुकानात आले. उदगीरचे लिंगायत व्यापारी, इथं मोंढ्यात नवीन अडत टाकली होती. मोठा भला माणूस, पण त्या दिवशी नजर ठरत नव्हती त्यांची.

"सिंधुताई, आमच्या अप्पांचं एक इंग्रजी घड्याळ हाय, टेबलावरचं. अप्पा वारले. हैदराबादचा एक नवाबजादा बघायला येऊन राहिला. त्याची दोरी तुटली हाय, तेवढी नवी बसवायची आन जरा पुसून द्यायचं."

"मग इकडं घेऊन या की."

ते म्हणाले, "नीलम्मा हलवू देत न्हाई."

नीलम्मा म्हणजे त्यांची बायको. अमृतरावांचं बिऱ्हाड लातुरात आलं, भांडीकुंडी आली, ती मात्र उदगीरच्या घरातून निघायला तयार न्हाई. एकटीच राहत होती.

"आन तिचे डोळे जाऊन राहिलेत, ताई. अप्पा गेल्यापासून. नव्या दवाखान्यात दाखवलं, सोलापूरला नेलं. डॉक्टर म्हणतेत, डोळ्यात काहीच बिघाड न्हाई. पण तिला ताटातली भाकर दिसेना. तुम्ही बाईमाणूस आहात. घड्याळ बघा, आन कसंही करून तिला संगं घेऊन या. माझं ऐकत न्हाई ती." मी बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी आणि रेशमी दोरीची गुंडी घेऊन मी एस.टी.त बसले. उदगीरला उतरले तेव्हा ऊन ऐन डोक्यावर आलं होतं. रस्त्यावर कुत्रं न्हाई. घर पेठेच्या मागं, दगडी, वर मातीचं माळवद, झळा आत येऊ नयेत म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेतलेल्या. कडी वाजवली. आतून पावलं आली, पण दार उघडायला वेळ लागला. कडी कुठं आहे ते आतला हात चाचपत होता.

नीलम्मा माझ्याच वयाची निघाली. गोरी, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची पिशवी. डोळे टपोरे, काळेभोर, नितळ. असे चांगले डोळे मी फार कमी बघितले आहेत. ते माझ्या तोंडाकडं न बघता खांद्याकडं बघत होते.

"या ताई. लई ऊन लागलं असंल."

स्वयंपाकघरात तिनं कळशीतून पाणी ओतलं. ओतताना एक बोट पेल्याच्या आत धरलं होतं. पाणी बोटाला लागलं की थांबायचं. दुष्काळातलं पाणी, एक थेंब सांडला न्हाई तिनं. आंधळं माणूस ही रीत वर्षानुवर्षांनी शिकतं, ही काही महिन्यांत शिकली होती. मला वाईट वाटलं.

"चला की लातूरला," मी म्हटलं. "काय ठेवलंय इथं? पाणी न्हाई, माणूस न्हाई."

"येते की. मला काय हौस हाय व्हय इथं राहायची? पण घरात म्हातारं माणूस असल्यावर..."

ती बोलत होती आणि आतल्या खोलीतून घंटी वाजली.

लई गोड आवाज. सावकाश, गोल, एकामागून एक. आमच्या दुकानात त्या वेळी भिंतीवर पंधरावीस घड्याळं होती, एकाचाही असा नव्हता. नीलम्मानं बोलणं न तोडता, मानही न वळवता, आतल्या बाजूला ओ दिली, "बंदे अप्पा." त्यांच्या घरात कानडी चालायची. बंदे म्हणजे आले. घंटी थांबली. नीलम्मा मला म्हणाली, "...जरा चहा ठेवते," आणि मग एकदम तोंडावर हात ठेवून उभी राहिली. दुसऱ्या हातानं तिनं पदर डोळ्याला लावला.

"काय झालं?"

"काय न्हाई. चुलीचा धूर."

चूल पेटवलेलीच नव्हती.

मी तिला खाली बसवलं आणि शेजारी बसले. जरा दरडावूनच विचारलं, माझा स्वभाव तसा आहे. मग ती बोलली. हळू, थांबत थांबत, मधेच आतल्या दाराकडं कान देत.

अमृतरावांचे वडील, सिद्रामप्पा, उतारवयात आंधळे झाले होते. ते घड्याळ त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात हैदराबादजवळ बोलारमच्या छावणीतल्या लिलावात घेतलेलं. तिथल्या कुण्या साहेबानं विलायतेहून आणलं होतं. त्याला बाजूला एक दोरी. ओढली की घड्याळ त्या क्षणाला किती वाजलेत ते घंटीवर सांगतं. विलायतेत काड्यापेट्या नव्हत्या तेव्हा रात्री अंधारात वेळ कळावी म्हणून अशी घड्याळं करायचे. अप्पांना तर सदाचाच अंधार. ते दिवसभर दोरी ओढायचे. आणि घंटी झाली की घरात असेल त्या बाईनं ओ द्यायची, अशी पद्धत पडली. वेळ घंटी सांगायची. घरात कुणी आहे, हे ओ सांगायची.

"पूजेला बसले की दोरी हातात गवसंना त्यांना," नीलम्मा म्हणाली. "डाव्या तळहातावर लिंग धरलेलं असायचं. मग मी दोरीचं टोक उजव्या मनगटाला बांधून द्यायची. आन दार ओढून घ्यायची. पूजेत कुणी आत जायाचं न्हाई, ही या घरची शिस्त."

त्या दिवशी पहाटे तिनं असंच बांधून दिलं. अमृतराव लातूरला. ती भाकरी थापत होती, टँकर आला तेव्हा तेवढी धावत जाऊन आली. सकाळभर घंटी वाजत होती आणि ती सकाळभर ओ देत होती. बंदे अप्पा. बंदे अप्पा. आज पूजा लांबली म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायची. दुपार कलली, तरी ते बाहेर येईनात. शेवटी शिस्त मोडून तिनं दार ढकललं.

"बसले होते. लिंग हातात. मी हात लावला तर थंडगार, ताई. आन लाकडावानी कडक. डॉक्टर आले, म्हणाले, हे तर दिवस उगवायच्या आधीच गेलेत."

मी तिचा हात धरला. तो घामानं ओला होता.

"मी कुणालाच सांगितलं न्हाई. मालकांना बी न्हाई. दिवस उगवायच्या आधी गेले... मग मी सकाळभर ओ कुणाला देत होते?"

लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून पुरतात, तुम्हाला ठाऊक असेल. मांडी घालून, हातात लिंग देऊन, खड्ड्यातल्या कोनाड्यात. अप्पा आधीच तसे बसलेले, तसेच ताठलेले. अय्या, म्हणजे त्यांचे जंगम गुरू, आले, बघून म्हणाले, केवढा पुण्यवान, ह्यांना बसवायची गरजच पडली न्हाई. दोरी सोडायला गेले तर मनगटाच्या सुजेत गाठ रुतलेली. नीलम्मा विचारायला लागली की काय करू. अय्या म्हणाले, पूजेतला धागा आहे, ओढाताण करू नका, जाऊ द्या त्यांच्याबरोबर. तेव्हा तिनं विळी आणली आणि दोरी कापली. मनगटाचं टोक अप्पांसोबत मातीत गेलं. घड्याळाचं टोक घड्याळाला राहिलं.

"तिसऱ्या दिवशी पुन्हा वाजलं," ती म्हणाली. "मी ओ दिली. तोंडातून निघूनच गेली. तवापासून... ओ दिली की डोळ्यावर एक पडदा चढतो. आधी लांबचं गेलं. मग सुईचं भोक. आता तुमचं तोंड दिसंना."

"मग ओ देऊ नका की."

"वाजतच राहतं मग. लई येळ. जोरजोरात." मग ती अगदी हळू म्हणाली, "म्हातारं माणूस, ताई. अंधारात बसलंय. कुणी हाय का इच्यारतंय. सुनेनं ओ न्हाई द्यायची तर कुणी द्यायची?"

आता खरं सांगते, मला भीती वाटली होती. पण माझं कसं आहे, भ्यायले की मला राग येतो. उंदीर असेल, स्प्रिंग सटकत असेल, असं मोठ्यानं म्हणत मी पेटी उचलली आणि आत गेले.

खोलीत विभूतीचा आणि वाळलेल्या बेलाचा वास भरून होता. माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं एक भोक, त्यातून उन्हाची उभी पट्टी खाली आलेली. तिच्याशेजारी चौरंगावर ते घड्याळ.

मी भीती विसरले, हो. असं काम मी पुन्हा बघितलं न्हाई. काळ्या शिसवी लाकडाची पेटी, हात फिरवला तर सांधा लागत न्हाई. वर उचलायला पितळेची कडी, खाली चार पितळी पाय. चांदीचा मुलामा दिलेली तबकडी, कोपऱ्यांत फुलं, वर कारागिराचं नाव आणि लंडन. आणि मागचं काचेचं दार उघडलं तर आतल्या सबंध पितळी पत्र्यावर वेल कोरलेला. पानं, फळं, मधेच एक पाखरू, पाखराच्या पिसांवर रेघा. भिंतीकडं तोंड करून ठेवायच्या बाजूला एवढी नक्षी कुणी कशाला करतं? मी भिंग लावलं आणि बघतच बसले. आत बारीक साखळी होती, सायकलला असते तशीच, पण मुंगीच्या पायाएवढ्या कड्यांची. वडील सांगायचे, विलायतेत ह्या साखळ्या बायका आणि लहान पोरी करायच्या, घरात बसून, सुईनं. वर्षं दोन वर्षं केलं की त्यांचे डोळे जायचे. मला ते तेव्हाच आठवायला नको होतं.

घड्याळ बंदच होतं. कुणी चावी दिलेली नव्हती, काटे कुठल्या तरी पहाटेवर थांबलेले. पण दोरीच्या घंटीला चावी लागत न्हाई. तिची स्प्रिंग दोरी ओढली तरच ताणते, आणि तिच्यात जोर येतो तो ओढणाऱ्याच्या हातातून. हात न्हाई तर घंटी न्हाई. इतकं साधं आहे ते. उंदराचं म्हणाल तर आत लेंडी सुद्धा नव्हती.

बाजूच्या भोकातून बोटभर दोरी लोंबत होती. विळीनं कापलेली, टोकाला विभूती माखलेली. मी ती बोटानं हलवली. ढिली होती, जुन्या नाडीसारखी.

"हीच ना?" मी दाराकडं बघून विचारलं. नीलम्मा उंबऱ्यात उभी होती.

आणि माझ्या बोटाला लागूनच ती दोरी ताठ झाली.

सरळ खाली न्हाई. तिरपी, जमिनीकडं, घराच्या मागच्या बाजूला. त्या बाजूला गावाबाहेर त्यांची दफनभूमी आहे, हे मला नंतर कळलं. टोकाला काहीही नव्हतं. भिंग माझ्या डोळ्यालाच होतं, मी नीट बघितलं. कापलेल्या टोकाचे धागे विस्कटलेले नव्हते, चिमटीत धरल्यासारखे आवळले गेले होते. आत स्प्रिंग ताणल्याचा करकर आवाज झाला आणि घंटी सुरू झाली. काटे पहाटेवर, आणि घंटी दुपार सांगत होती.

नीलम्माचं तोंड उघडलं. "बं..." एवढं आलं असेल, मी उडी मारून तिच्या तोंडावर हात दाबला. घंटी संपली. क्षणभर काही न्हाई. मग दोरी पुन्हा ताठली, आधीपेक्षा जोरात, आणि घंटी पुन्हा. नीलम्माला ओ द्यायची होती. हात काढा म्हणून ती माझं मनगट ओढत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एका हातानं तिचं तोंड धरून दुसऱ्या हातानं मी घड्याळाच्या आत चिमटा घातला. दोरी जिथं खिट्टीला बांधली होती ती गाठ सोडली की संपलं, एवढंच डोक्यात होतं.

गाठ सुटेना. घंटी थांबेना. आता वेळसुद्धा सांगत नव्हती, नुसती वाजत होती. घड्याळ चौरंगावर सरकायला लागलं. पितळी पायांचा खरखर आवाज, थोडं थोडं, कडेकडं. खोलीत ओल्या मातीचा वास आला. त्या दुष्काळात, जिथं मैलभर ओली माती नव्हती तिथं.

माझा तोल गेला. मी ओरडले न्हाई, दात आवळून बोलले, दुकानात हट्टी गिऱ्हाईकाला बोलते तसं. "ऐकलं, अप्पा, ऐकलं. हाय मी इथं. आता पुरे."

घंटी थांबली. दोरी ढिली पडली, आणि गाठ चिमट्यात आपोआप सुटून आली. मग घंटी एकदाच, अगदी हळू वाजली. माणूस समाधानानं हं म्हणतो ना, तशी.

मी दोरीचा तुकडा बाहेर ओढला, पेटीत टाकला, आणि खाली बसले. मला वाटलं, जमलं. हसूसुद्धा आलं मला. नीलम्मा भिंतीला टेकून माझ्याकडं बघत होती. खांद्याकडं न्हाई, तोंडाकडं.

"ताई," ती कुजबुजली, "तुम्ही ओ दिली."

"ओ कसली? मी दटावलं."

"तुम्ही म्हणालात, हाय मी इथं..." ती बोलता बोलता थांबली. माळवदाच्या भोकाकडं बघितलं, मग भिंतीकडं, मग स्वतःच्या हाताकडं. "कोळ्याचं जाळं लागलंय कोपऱ्यात," ती म्हणाली. "किती घाण झालीया खोली. मला दिसून राहिलंय, ताई... सगळं दिसून राहिलंय." आणि ती दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागली.

मलाही आनंद झाला. कोपऱ्यातलं जाळं बघायला म्हणून मी मान वळवली तर धुरकट दिसलं. भिंगावर धूळ बसली असेल. काढलं, पदरानं पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा पुसलं. मग भिंग काढून ठेवलं आणि नुसत्या डोळ्यानं बघितलं, आणि मग मी पुसायचं थांबले.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही लातूरला आलो. घड्याळ चादरीत गुंडाळून नीलम्माच्या मांडीवर. ती लहान पोरीसारखी खिडकीला चिकटलेली, वाळलेली झाडं, वाटेवरचे टँकर, सगळं बघत होती. लातुरात शिरताना एका पाटीकडं बोट दाखवून म्हणाली, "बघा ताई, जिल्हा लातूर. आन खालचं जुनं नाव बी दिसतंय, उस्मानाबाद." मी डावा डोळा हातानं झाकला आणि बघितलं. नाव सोडा, मला पाटीच दिसली न्हाई.

घड्याळ नवी दोरी बसवून हैदराबादला गेलं. तिथं ते चांगलं चालतं, कुणी म्हणालं होतं मला. नीलम्मा इथंच मोंढ्याजवळ राहते. या वयात चष्म्याशिवाय सुई ओवते. संक्रांतीला येते माझ्याकडं, पण दारातून हाक मारत न्हाई. जवळ येऊन हातावर हात ठेवते. ती मला काही विचारत न्हाई आणि मीही काही बोलत न्हाई, पण निघताना दर वेळी माझ्या पाया पडते. माझ्याच वयाची बाई.

घड्याळ गेलं त्याच आठवड्यात या दुकानात ती घंटी वाजली. इथल्या कुठल्याच घड्याळाचा तो आवाज नव्हता. मी ओ दिली न्हाई. तेव्हापासून कधी जाणूनबुजून दिली न्हाई. वाजू दे किती वाजायचं ते. पण माणूस किती सावध राहणार? गिऱ्हाईकाशी बोलताना हां म्हटलं जातं. पोस्टमन येतो, आले आले म्हटलं जातं. नेमकी त्याच वेळी ती वाजत असली की ते शब्द तिकडं जातात. एकदा गेले, दोनदा गेले. आता डावा डोळाही पहिल्यासारखा न्हाई. तुमचं घड्याळ मी बोटांनी चाचपून ठीक करणार आहे, हे आधीच सांगते. पटत नसेल तर दुसरीकडं जा, राग न्हाई.

मला कधी कधी नीलम्मासारखंच वाटतं, हे जास्त वाईट. अंधारात एक म्हातारा बसलाय. विचारतोय, कुणी आहे का. एवढंच विचारतोय. रात्री झोपेत मी ओ देत असेन का, कोण जाणे.

आता ही डबी बघा. पत्र्याची, झाकण घट्ट आहे, थांबा. हा तो दोरीचा तुकडा. उदगीरहून आणला तेव्हा बोटभर होता, दोन्ही टोकं मोकळी. कितीदा चुलीत घालायला घेतला, हात धजला न्हाई. परवा डबी उघडली तर बोटांना लांब लागला. चाचपत गेले तर कापलेलं टोक मिळेना. शेवटाला एक गाठ लागली आणि तिच्या पुढं फासा. मनगटात बसेल एवढा. त्यात काहीतरी चिकटलंय, वाळलेलं. विभूती असेल. माती असेल.

मला दिसत न्हाई आता एवढं बारीक. म्हणून म्हटलं, कुणी चांगल्या डोळ्याचं माणूस आलं की दाखवावं. कंदील जवळ घ्या. फाशात काय आहे ते बघा आणि मला सांगा.

आत्ता न्हाई... ओठ मिटा. आधी ती घंटी वाजायची थांबू द्या.